पीएसए वाढलं की आधी एमआरआय: हिशेब नक्की बसतो कुठे?

हिशेबी_वही

मंडळी, प्रश्न सरळ आहे. पीएसए (पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं प्रथिन) वाढलेलं आलं की प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका घेतात, आणि पूर्वी थेट बायॉप्सी व्हायची. गुदमार्गातून अल्ट्रासाउंडची नळी घालायची आणि प्रोस्टेटच्या ठरलेल्या १२ ठिकाणांहून तुकडे घ्यायचे. आता आधी एमआरआय सांगतात. ब्रिटनच्या 'नाइस'ने (उपचारांचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) २०१९ मध्ये तीच पहिली तपासणी ठरवून टाकली. वैद्यकीय बाजू पटते, माझं घोडं पैशांवर अडतंय.

२०१८च्या प्रिसिजन चाचणीत ५०० पुरुष होते, काहींना आधी एमआरआय आणि बाकीच्यांची थेट जुनी बायॉप्सी. एमआरआयच्या गटातल्या २८ टक्के लोकांची बायॉप्सी टळली. म्हणजे १०० एमआरआय काढायचे आणि २८ बायॉप्स्या वाचवायच्या. एका बायॉप्सीचा सगळा खर्च १०० धरला तर एमआरआय २८च्या आत पडला तरच तोंडमिळवणी होते, आणि बहुतेक ठिकाणी तो तेवढ्यात पडणार नाही. मग याला किफायतशीर म्हणतात ते कशाच्या जोरावर? गणित कुठे चुकतंय ते दाखवा. "जिवापुढे पैशाचं काय" हे उत्तर कृपया नको.

तिरकस

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पुढच्यांसाठी जागा धरून ठेवली आहे.

रेघोटी

बेरीज बरोबर आहे, पण वही फार लवकर मिटलीत. बायॉप्सी टळणं ही बचतीची सगळ्यात लहान बाब आहे.

त्याच प्रिसिजनचे बाकीचे आकडे घ्या. उपचाराचा विचार करावा लागेल असा कर्करोग (ग्लीसन, म्हणजे तुकडा बघून दिलेली आक्रमकतेची श्रेणी, ३+४ किंवा वर) एमआरआय गटात ३८ टक्क्यांना सापडला, जुन्या पद्धतीत २६ टक्क्यांना. आणि ३+३, म्हणजे बहुतेकांना आयुष्यभर काही न करणारा, एमआरआय गटात ९ टक्के आणि जुन्या पद्धतीत २२. १०० माणसांमागे १३ जणांच्या कपाळावरचा "कर्करोग" हा शिक्का टळला.

त्या १३ जणांचं पुढे काय झालं असतं? शिक्का बसला की निदान देखरेख तरी आलीच: वर्षातून एकदोनदा पीएसए, अधूनमधून तपासणी, काही वर्षांच्या अंतराने पुन्हा बायॉप्सी. त्यातले काही जण धीर सुटून शस्त्रक्रिया करून घेतात. मग लघवी गळण्याचे पॅड, लैंगिक तक्रारींवरची औषधं. हा खर्च तुमच्या वहीत कुठल्याच रकान्यात नाही.

हिशेबी_वही

@रेघोटी, मान्य. पण मग दुसरी बाजूही मांडा. ३८ वजा २६, म्हणजे १२ जण जास्त सापडले. त्यांच्यावर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन होणार. तो खर्च वाढला की नाही?

कोष्टक

वाढला, नक्कीच वाढला. म्हणूनच नुसती पैशांची वजाबाकी करत नाहीत, भाजकात 'क्वाली' घेतात. पूर्ण आरोग्यातलं १ वर्ष म्हणजे १ क्वाली. लघवी गळत असलेलं वर्ष त्याहून कमी भरतं. नव्या पद्धतीने जास्तीचा खर्च किती आणि जास्तीचे क्वाली किती, या दोहोंचा भागाकार म्हणजे तो प्रसिद्ध आकडा.

दोन अभ्यास सांगतो. २०१४च्या नेदरलँड्समधल्या मॉडेलमध्ये एमआरआयच्या वाटेने दरडोई अपेक्षित खर्च २,४२३ युरो आला, जुन्या वाटेने २,३९२. क्वाली अनुक्रमे ७.०० आणि ६.९०. म्हणजे ३१ युरो जास्त मोजून ०.१० क्वाली, एका क्वालीला सुमारे ३०० युरो. एमआरआयचा पुढचा खर्च मागच्या बचतीने जवळजवळ भरून निघाला.

दुसरा २०१८चा, प्रॉमिस चाचणीवर (एमआरआय आणि बायॉप्सीची अचूकता तपासणारी) बेतलेला, ब्रिटनचा. तिथे आधी एमआरआय, मग त्यात दिसलेल्या जागेची लक्ष्य बायॉप्सी, आणि गरज पडली तर ती आणखी एकदा, ही वाट सगळ्यात किफायतशीर ठरली: ७,०७६ पौंड प्रति क्वाली. नाइसची नेहमीची मर्यादा २० ते ३० हजार पौंडांची होती, म्हणजे आरामात आत.

पण हे आकडे उचलून दुसऱ्या देशात चिकटवू नका. मॉडेलमध्ये एमआरआय आणि बायॉप्सीच्या खर्चाचं गुणोत्तर बदललं, लक्ष्य बायॉप्सीचा अचूकपणा बदलला किंवा ३+३ निघालेल्यांपैकी किती जणांवर विनाकारण उपचार होतात ते बदललं, की उत्तर डोलायला लागतं. या तिसऱ्या गोष्टीकडे कोणी बघत नाही. जिथे ३+३ला आधीपासूनच कोणी हात लावत नाही, तिथे एमआरआयची बचत बरीच खाली येऊ शकते.

नळी_नको

तिसऱ्या मुद्द्याला +१. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या उपचारांची तुलना करणाऱ्या प्रोटेक्ट चाचणीत १,६४३ पुरुष होते. २०२३ मध्ये १५ वर्षांचे निकाल आले तेव्हा प्रोस्टेटच्या कर्करोगाने गेलेले ४५, म्हणजे २.७ टक्के. शस्त्रक्रिया, रेडिएशन, देखरेख, तिन्ही गटांत फारसा फरक नाही. तेव्हा "१२ जास्त सापडले" याचं क्वालीत किती रूपांतर होतं, हे दिसतं तितकं भरघोस नसतं.

भिंगवाला

वहीत आणखी एक रकाना राहिला आहे: पॅथॉलॉजी. जुन्या पद्धतीत १२ तुकडे. प्रत्येकाची वेगळी बाटली, वेगळा ब्लॉक, त्याच्या स्लाइड्स, मग कोणीतरी त्या एकेक करून बघायच्या. प्रिसिजनच्या एमआरआय गटात तुकडे होते साधारण ४. जिथे पॅथॉलॉजीचं बिल बाटलीमागे लागतं तिथे "एक बायॉप्सी = १००" हे गृहीतकच चुकतं. लक्ष्य बायॉप्सी १००ची नाही, बरीच कमी.

रेघोटी

@भिंगवाला, कागदावर बरोबर. पण प्रत्यक्षात फक्त ४ तुकडे घेऊन थांबणारे कमीच. २०१९च्या एमआरआय-फर्स्ट अभ्यासात दोन्ही प्रकारचे तुकडे त्याच माणसाचे घेतले होते. ठरलेले १२ सोडले असते तर ५.२ टक्के लोकांचा महत्त्वाचा कर्करोग हुकला असता, लक्ष्यातले सोडले असते तर ७.६ टक्के. म्हणून पहिल्या बायॉप्सीत बरेच जण दोन्ही घेतात. मग तुकडे १२वरून १५-१६वर जातात आणि तुमची बाटल्यांची बचत उलटी फिरते. मधला मार्ग म्हणजे दिसलेल्या गाठीचे ३ ते ५ आणि तिच्या आजूबाजूचे थोडे. कल तिकडेच आहे.

तिरकस

म्हणजे आधी नकाशा विकत घ्यायचा आणि मग सगळं शेतही नांगरायचं.

रेघोटी

अगदी तसंच. हिशेब बिघडतो तो इथेच.

शंकासुर

निगेटिव्ह एमआरआयवर भरवसा किती ठेवायचा? आम्ही वाचतो त्या लेखात ९० टक्के असतं, दुसऱ्या लेखात ९६.

कोष्टक

दोन्ही खरे असू शकतात. आकडा यंत्रापेक्षा रांगेत कोण उभं आहे त्यावर जास्त ठरतो. करून दाखवतो.

प्रॉमिसमध्ये (२०१७, ५७६ पुरुष) एमआरआयची संवेदनशीलता (आजार असलेल्यांपैकी किती पकडले) ९३ टक्के आणि विशिष्टता (नसलेल्यांपैकी किती जणांना बरोबर "नाही" म्हटलं) ४१ टक्के आली. गुदमार्गाच्या बायॉप्सीची संवेदनशीलता फक्त ४८ होती, तेही लक्षात असू द्या.

रांगेतल्या १०० पैकी ४० जणांना महत्त्वाचा कर्करोग आहे असं धरा. एमआरआय ३७ पकडेल, ३ सोडेल. उरलेल्या ६० निरोग्यांपैकी जेमतेम २५ जणांना "काही नाही" म्हणेल. एकूण निगेटिव्ह २८, त्यातले २५ खरे: सुमारे ९० टक्के.

आता २० जणांना कर्करोग असलेली रांग घ्या. सुटणारे १.४, खरे निगेटिव्ह ३२.८. भरवसा ९६ टक्के, आणि ३४ बायॉप्स्या टळल्या.

आणि ७० जणांना असलेली रांग? सुटले ४.९, खरे निगेटिव्ह १२.३. भरवसा ७१ टक्के. १०० एमआरआय काढून निगेटिव्ह आले १७, आणि त्यांच्यावरही विश्वास टाकवत नाही. ज्याचं पीएसए खूप वर आहे आणि बोटाने तपासतानाच गाठ कडक लागते, त्याच्या बाबतीत "बायॉप्सी टाळण्यासाठी एमआरआय" हा खर्च वाया. तिथे एमआरआय काढलाच तर आजार किती पसरला ते बघायला आणि सुई नेमकी कुठे घालायची त्यासाठी.

शंकासुर

आता कळलं. हे कोणी असं मांडत नाही.

मोजपट्टी

एमआरआयच्या आधीच्या फुकट किंवा जवळजवळ फुकट पायऱ्या लोक सोडून देतात, आणि सगळ्यात मोठी उधळपट्टी तिथेच होते. क्रम असा असावा:

आधी पीएसए पुन्हा. लघवीचा संसर्ग झाला असेल, नुकताच कॅथेटर घातला असेल, तर काही आठवडे थांबून. वीर्यस्खलनानंतर २ दिवस सोडून. बऱ्याच जणांचं पीएसए इथेच खाली येतं आणि प्रश्न मिटतो.

मग औषधं विचारा. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड (वाढलेल्या प्रोस्टेटवरची औषधं) ६ ते १२ महिने घेतलं की पीएसए साधारण निम्मं दिसतं. त्या माणसाचं ३ म्हणजे खरं ६. उलट चूकही होते: औषध बंद केलं की पीएसए आपोआप चढतं आणि घाबरून एमआरआय काढला जातो.

मग ग्रंथीचं आकारमान. साध्या अल्ट्रासाउंडवर लांबी × रुंदी × उंची × ०.५२. समजा ४.८ × ४.० × ४.२ सेंमी, म्हणजे सुमारे ४२ मिली. पीएसए ६.३ असेल तर पीएसएची घनता (पीएसए भागिले आकारमान) ६.३ ÷ ४२ = ०.१५. तेच ६.३ पण ग्रंथी ७० मिली असेल तर घनता ०.०९. पहिल्याला एमआरआयची गरज जास्त. दुसऱ्याची ग्रंथी नुसती वाढली असण्याची शक्यता मोठी.

हीच घनता एमआरआयनंतर पुन्हा कामाला येते. एमआरआय निगेटिव्ह आणि घनता ०.१५च्या खाली (काही ठिकाणी ०.२०ची रेष धरतात) असेल तर बायॉप्सी बिनघोर टाळता येते. एमआरआय निगेटिव्ह पण घनता ०.२५ असेल तर नुसत्या रिपोर्टवर विसंबू नये.

गुळगुळीत_डोकं

फिनास्टेराइड म्हणजे केसांचं तेच ना? त्याची गोळी तर फक्त १ मिग्रॅमची असते. तिनेही फरक पडतो?

मोजपट्टी

पडतो, जवळपास तेवढाच. आणि लोक ते "औषध" म्हणून सांगतच नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते केसांचं काहीतरी असतं. थेट "केसांसाठी काही घेता का" असं विचारावं लागतं.

तिरकस

आयडी बघून उत्तर दिलंत की काय.

पट्टीचा_वाचक

आतापर्यंत सगळ्यांनी एमआरआय म्हणजे एमआरआय असं धरलंय. तसं नसतं. वाईट काढलेला एमआरआय सगळ्यात महाग, कारण तो पुन्हा काढावा लागतो, किंवा त्याहून वाईट, नको ती बायॉप्सी करायला लावतो.

सुमारे ७० टक्के कर्करोग प्रोस्टेटच्या बाहेरच्या, म्हणजे परिघाच्या भागात होतात. तो भाग गुदाशयाला लागून. तिथे डिफ्यूजनच्या (ऊतीतल्या पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या) प्रतिमा निर्णायक असतात. आणि गुदाशयात वायू असला की हवा आणि ऊती यांच्या सीमेवर नेमक्या याच प्रतिमा ताणल्या जातात, वाकतात. स्क्रीनवर परिघाची मागची कड खाली ओघळलेल्या मेणासारखी दिसते आणि गाठ तिच्यात गडप होते. उपाय बिनखर्ची: तपासणीआधी पोट साफ करून येणं, आणि तंत्रज्ञाने पहिल्याच प्रतिमेत वायू दिसला तर थांबून बारीक नळीने तो काढणं. पुढे रेटलं की २० मिनिटं पाण्यात.

रिपोर्ट घेताना तपासण्याजोग्या गोष्टी: टी२ प्रतिमांच्या (ग्रंथीची रचना दाखवणाऱ्या) कापांची जाडी ३ मिमी आहे का, डिफ्यूजनमध्ये १,४०० किंवा त्याहून वरची बी-व्हॅल्यू (डिफ्यूजनची तीव्रता) आहे का, त्यावरून काढलेला एडीसीचा नकाशा दिला आहे का, पाय-रॅड्सचा (एमआरआयवरच्या संशयाची १ ते ५ श्रेणी) आकडा कुठल्या आवृत्तीप्रमाणे (सध्याची २.१, २०१९ची), आणि ग्रंथीचं आकारमान लिहिलंय का. आकारमानच नसेल तर घनता काढणार कशी?

बायॉप्सी आधीच झाली असेल तर निदान ६ ते ८ आठवडे जाऊ द्यावेत. आत साकळलेलं रक्त वाचणाऱ्याला फसवतं. खुब्याचा सांधा धातूचा असेल तर आधी सांगावं. ३ टेस्लाच्या चुंबकापेक्षा १.५ टेस्लाच्या चुंबकावर धातूचा त्रास कमी होतो. "मोठं यंत्र म्हणजे चांगलं" हे इथे उलटं पडतं.

आणि वाचणारा कोण, हा सगळ्यात मोठा खर्च. २०२०चा एक अभ्यास होता, अमेरिकेतली २६ केंद्रं, ३,४४९ पुरुष. पाय-रॅड्स ३ किंवा वर दिलेल्यांत खरोखर महत्त्वाचा कर्करोग निघण्याचं प्रमाण सरासरी ३५ टक्के, ४ किंवा वर असेल तर ४९. पण केंद्राकेंद्रांत मोठा फरक. जो वाचणारा खात्री नसली की सगळ्यांना ३ देतो, तो वहीवाल्यांचे ते २८ टक्के एकहाती खाऊन टाकतो.

हिशेबी_वही

हा शेवटचा मुद्दा मी धरलाच नव्हता. म्हणजे टळणाऱ्या बायॉप्स्यांचं प्रमाण स्थिर नाही, ते केंद्रागणिक बदलतं.

पट्टीचा_वाचक

हो. म्हणून केंद्राला एकच प्रश्न विचारावा: तुमच्याकडे ३, ४ आणि ५ दिलेल्यांत बायॉप्सीत काय निघालं, याची नोंद ठेवता का? ठेवत नसतील तर वाचणाऱ्याला स्वतःची चूक कधी कळतच नाही.

अर्धा_तास

धाग्यावर अजून कोणी कॉन्ट्रास्टबद्दल (शिरेतून देतात ते गॅडोलिनियमचं औषध) बोललं नाही. सगळ्यात सोपी बचत तिथे आहे. पूर्ण तपासणीत टी२, डिफ्यूजन आणि गॅडोलिनियम देऊन काढलेल्या प्रतिमा असतात: ३० ते ४० मिनिटं. गॅडोलिनियम वगळलं की १५ ते २०. प्राइम चाचणी २०२५ मध्ये आली, ४९० पुरुष. कॉन्ट्रास्टशिवाय महत्त्वाचा कर्करोग २९.२ टक्क्यांत सापडला, कॉन्ट्रास्टसह २९.६. काहीच फरक नाही म्हणा.

औषधाची किंमत वाचते ती किरकोळ. खरी बचत यंत्राच्या वेळेची: त्याच दिवसात जवळपास दुप्पट माणसं. शिवाय सुई नाही, क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) वाट बघणं नाही, डॉक्टर शेजारी उभा ठेवावा लागत नाही.

पट्टीचा_वाचक

एक पुस्ती. प्राइममध्ये प्रतिमांचा दर्जा आधी तपासून मगच केंद्रं घेतली होती. डिफ्यूजन वायूने बिघडलं असेल किंवा खुब्यात धातू असेल, तर कॉन्ट्रास्ट हाच आधार उरतो. परिघाच्या भागात डिफ्यूजनवर ३ आलेली जागा कॉन्ट्रास्टमध्ये लवकर उजळली तर ४ होते, ती सोयही जाते. आणि शस्त्रक्रिया किंवा रेडिएशननंतर पुन्हा आजार आला का हे बघायचं असेल तर कॉन्ट्रास्ट लागतोच. आधी दर्जा, मग काटकसर.

अर्धा_तास

मान्य. पण माणूस टेबलावर असतानाच डिफ्यूजन बघा, बिघडलं असेल तरच कॉन्ट्रास्ट द्या. सगळ्यांना सरसकट कशाला?

सुईधागा

बायॉप्सीच्या बाजूचंही थोडं. "फ्यूजन" यंत्र (एमआरआय आणि अल्ट्रासाउंडच्या प्रतिमा जुळवणारं) घेतल्याशिवाय एमआरआयचा उपयोग नाही, असं विकणारे सांगतात. २०१९च्या फ्यूचर चाचणीत तीन पद्धती समोरासमोर ठेवल्या होत्या: एमआरआय बघून मनाने जागा ठरवून सुई घालणं, संगणकाने प्रतिमा जुळवणं, आणि थेट एमआरआयच्या बोगद्यात बायॉप्सी. महत्त्वाचा कर्करोग सापडण्यात अर्थपूर्ण फरक आला नाही. हात अनुभवी असेल तर यंत्राचा खर्च वहीत धरायचं कारण नाही. छोट्या, पुढच्या बाजूच्या गाठींना मात्र यंत्राची मदत होते, असं माझं मत.

आणि सुई गुदाशयातून न घालता विटपातून, म्हणजे वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून घातली तर जंतू आत जाण्याचा धोका बराच घटतो. रक्तात जंतुसंसर्ग होऊन अतिदक्षता विभागात गेलेला एक रुग्ण किती एमआरआयचे पैसे खातो, ते मोजा.

शुद्धलेखन

"विटप" वाचून बरं वाटलं. प्रोस्टेटला मराठीत "पुरःस्थ ग्रंथी" असा सुंदर शब्द आहे, तो का कोणी वापरत नाही?

तिरकस

कारण तो म्हणून संपेपर्यंत पुन्हा लघवीला जावं लागतं.

शंकासुर

पेट स्कॅनचं काय? पीएसएमए पेट (प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशींना चिकटणारं किरणोत्सर्गी द्रव्य देऊन काढलेला स्कॅन) म्हणे सगळ्यात अचूक. मग थेट तोच करावा का?

रेघोटी

निदानासाठी थेट नको. त्याची जागा पुढची: निदान झालं, जोखीम जास्त आहे, आता पसरलाय का बघायचं. २०२०च्या प्रोपीएसएमए चाचणीत (३०२ पुरुष) त्याची अचूकता ९२ टक्के आली, सीटी आणि हाडांचा स्कॅन मिळून ६५. किरणोत्सर्गही कमी, ८.४ मिलिसिव्हर्ट विरुद्ध १९.२. दोन तपासण्यांऐवजी एक होते, म्हणून तिथे महाग वाटणारी गोष्टही हिशेबात बसू शकते.

उलट ३+३ निघालेल्याला हाडांचा स्कॅन काढायला लावणं हा शुद्ध अपव्यय. काही निघत नाही, आणि जुन्या फ्रॅक्चरचा एखादा ठिपका उजळला की आणखी दोन तपासण्या मागे लागतात.

हिशेबी_वही

मंडळी, मूळ प्रश्नाकडे येतो. नवी वही अशी मांडली आहे. बायॉप्सी पॅथॉलॉजीसह १००. टळलेल्या बायॉप्स्यांचे माणशी २८. निरुपद्रवी निदान टळलेले १३ टक्के. त्यांच्या देखरेखीचा अनेक वर्षांचा खर्च माणशी ३०० धरला तर ०.१३ × ३०० = ३९. एकूण ६७. यातून जास्त सापडलेल्या १२ टक्क्यांच्या उपचाराचा खर्च वजा होईल, पण त्याच्या बदल्यात क्वाली मिळतील. म्हणजे एमआरआय बायॉप्सीच्या निम्म्याच्या आसपास असेल तर चर्चा तरी होऊ शकते. २८वर अडून बसलो होतो ती चूक. ३०० हा आकडा माझा, अंदाजाचा. तो १०० केला तर ३९चे १३ होतात.

कोष्टक

मांडणी चालेल. पुढच्या वर्षांतला खर्च आजच्या किमतीत आणायला सूट लावा, दरसाल ३ ते ३.५ टक्के. १० वर्षांची देखरेख असेल तर तुमचे ३०० आपोआप खाली येतील.

पण एक गोष्ट या वहीत मावणार नाही: खिसा कोणाचा? एमआरआयचे पैसे आज, एका माणसाच्या खिशातून जातात. वाचणारे ३९ पुढच्या १० वर्षांत कोणाच्यातरी वाचतात. सगळं एकाच सरकारी तिजोरीतून चालत असेल तर ही बेरीज अर्थपूर्ण. विमा कंपनी वर्षागणिक बदलत असेल तर आजच्या कंपनीला उद्याच्या बचतीशी काय देणंघेणं? आणि पदरचे पैसे भरणाऱ्याला स्वतः त्या १३ जणांत आहोत की नाही हे कधीच कळणार नाही.

नळी_नको

म्हणूनच पदरचे पैसे भरणाऱ्याने @मोजपट्टी यांच्या पायऱ्या आधी संपवाव्यात. त्यातच रांग छोटी होते.

शंकासुर

शेवटचं. एमआरआय निगेटिव्ह, घनता ०.०९, बायॉप्सी नाही केली. पुढे दरवर्षी एमआरआय?

मोजपट्टी

नाही. ६ ते १२ महिन्यांनी पीएसए, त्याच प्रयोगशाळेत. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे संच वेगळे असतात, उगाच चढ दिसतो. पुढच्या वेळी घनता मूळच्याच आकारमानावर काढा, ग्रंथी वर्षात फार बदलत नाही. ती ०.१५ ओलांडून वर राहिली किंवा बोटाला काही नवं लागलं तर पुन्हा एमआरआय, आणि तेव्हा जुनी सीडी सोबत न्या. नुसता जुना रिपोर्ट तुलनेला पुरत नाही.